अकरा जबाब आणि दोन किलो मटार

भागीबाई साठीच्या पुढची. तिच्या जबाबात मी लिहिलं होतं, "माझी पत्नी सात महिन्यांची गरोदर असताना तिला दवाखान्यात नेऊ दिले नाही." खाली भागीबाईचा अंगठा. शाईसुद्धा छान उठलेली.

एकट्या भागीबाईचं असतं तर कदाचित कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण त्या दिवशी प्रांतसाहेबांच्या टेबलावर वीटभट्टीवरून सुटून आलेल्या मजुरांचे अकरा जबाब होते, आणि अकराच्या अकरा जणांची पत्नी सात महिन्यांची गरोदर होती. त्या अकरांत चार बायका होत्या. एक गडी बिनलग्नाचा होता. आणि झिपरू नावाचा पन्नाशीचा माणूस होता, त्याची बायको वारून नऊ वर्षं झाली होती. साहेबांनी पहिले तीन कागद नीट वाचले, पुढचे नुसते उलटले आणि ढीग परत सरकवला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"हा एका माणसाचा जबाब आहे," ते म्हणाले. "बाकीचे दहा कुठे आहेत?"

पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली. तेव्हाही असेच कागद आले तर फाईल बंद करीन, असं सांगून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

चूक माझी होती. टाइप मी केलं होतं. म्हणजे टाइप एकच केला होता, काळूचा. काळूची बायको लंकाबाई, तिच्या बाबतीत ते खरंच घडलं होतं. जबाब चांगला उतरला, दीड पान भरलं. मग मी तोच दहा वेळा कॉपी केला आणि वरची नावं बदलली. त्या दिवशी भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, माझ्यापुढे चौदा पोरं फोटो आणि सही स्कॅन करायला उभी होती, आणि वेबसाइट नेहमीप्रमाणे झोपली होती. हे कारण नाही, फक्त सांगून ठेवतो.

आमच्या शाळेत हे पाप समजत नसत. चांदवडला आठवीत 'माझे आजोबा' हा निबंध आला, तेव्हा वर्गात बेचाळीस मुलं होती आणि बेचाळिसांचेही आजोबा सैन्यातून निवृत्त होऊन पहाटे फिरायला जात होते. गाईडमध्ये तसं होतं. माझे खरे आजोबा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायचे, पण कांदा निवडणाऱ्या आजोबांना मार्क कोण देणार? मला दहापैकी आठ पडले. तेव्हापासून माझी पक्की समजूत, की एकदा बरं लिहिलेलं असलं की ते सगळ्यांना चालतं.

भिमामावशी कचेरीच्या जिन्यात बसली होती. गुडघ्यांमुळे वर आली नव्हती. तिनं ढिगातला एक कागद वाचला, दुसरा वाचला, चष्मा काढून पदराला पुसला.

"भट्टीवाल्याला यांची नावं पुसायला दोन वर्षं लागली," ती म्हणाली. "तू एका दुपारात उरकलंस."

मग उठायला हात पुढे केला. मी धरला. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

*

भिमामावशी अर्ज लिहिते. कचेरीच्या कंपाउंडला टेकून तिचं टेबल आहे, वर आइस्क्रीम कंपनीची रंग उडालेली छत्री, टेबलावर पत्र्याचा डबा. डब्यात स्टॅम्प पॅड, टाचण्या, गोंद आणि खडीसाखर. सव्वीस वर्षं ती तिथे बसते. त्याआधी नवरा सातपूरला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं स्वतःच्या घरासाठी एक अर्ज लिहिला, तो मंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलनीतल्या बायका दाराशी उभ्या राहायला लागल्या. शिक्षण नववी. विधवा पेन्शन, रेशन कार्ड, वारस नोंद, पोराच्या जातीचा दाखला, सगळं तिच्या हातून गेलं. आता तो हातच गेलाय. मनगटात कळ येते, चार ओळींवर पेन टाकावा लागतो. म्हणून तिनं मला लॅपटॉप आणि प्रिंटरसकट अर्ध्या टेबलावर जागा दिली. भाडं घेत नाही. बदल्यात तिचे अर्ज मी टाइप करायचे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करायला नाशिकला आलो होतो. तयारी अजून चालू आहे, फक्त आता दुसऱ्यांचे फॉर्म भरून चालू आहे.

तिचा एक नियम आहे. प्रत्येक अर्जात एक तरी वाक्य असं पाहिजे, जे दुसऱ्याच्या अर्जात बसणार नाही. एका बाईच्या पेन्शनच्या अर्जात तिनं लिहिलं होतं, की पती गेल्यापासून घरातला पंखा बंद आहे, कारण तो काठीनं ढोसून कसा चालू करायचा हे फक्त त्यांनाच जमायचं. कारकून हसले. पण कचेरीत तिचं नाव 'पंख्याची बाई' पडलं, फाईल कुणी विसरलं नाही, आणि तीन महिन्यांत पेन्शन सुरू झाली. मला वाटायचं, हे मावशीचं लाड करून लिहिणं आहे. वय झालं की माणसं लांबण लावतात.

हा नियम तिच्या बापाचा. तो जलशात गायचा. निफाडकडच्या गावांत त्यांच्या लोकांना वेठ होती: लाकडं फोडायची, सांगावे न्यायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि वर्षाकाठी खळ्यावरचं उरलंसुरलं धान्य घ्यायचं. जलशाचं गाणं म्हणजे काय, तर या कामांची यादी. पण प्रत्येक गावात जाऊन आधी दुपारभर विचारायचं, इथे काय काय करावं लागतं, कुणाच्या वाड्यावर, कुठल्या दिवशी. ते संध्याकाळच्या गाण्यात घालायचं. एकदा वेळ नव्हता म्हणून आदल्या गावचंच गाणं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुपारी दिली, आणि सकाळी उठून वेठीला गेले. मावशीच्या बापाला ते आयुष्यभर सललं. दुसऱ्या गावचं गाणं ऐकून माणूस मान डोलावतो, असं तो म्हणायचा. स्वतःचं ऐकलं की हातातली कुऱ्हाड खाली ठेवतो.

हे तिनं मला पूर्वी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळेस मी मोबाइल बघत होतो.

*

भट्टी आडगावच्या पुढे, हायवेला लागून. पेठकडच्या पाड्यांवरून या अकरा जणांना मुकादमानं एका हंगामासाठी आणलं होतं. उचल दिली होती. हंगाम संपला, उचल फिटली नाही, कारण ती किती उरली हे फक्त भट्टीच्या शेठला ठाऊक. पावसाळ्यात त्यांना शेठच्या शेतात घातलं, दिवाळीनंतर परत विटांवर. मोबाइल बिस्किटाच्या डब्यात कुलपात. बाजाराला नवरा गेला तर बायको भट्टीवर, बायको गेली तर नवरा. दोघं एकदम कधीच नाही. मारहाण फार नव्हती. लागतच नव्हती.

जानेवारीत वॉचमन हळदीला गेला, तेव्हा अकरा जण आणि लंकाबाईची दीड वर्षाची पोरगी हायवेनं चालत नाशकात आले. झिपरूनं आणलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या वनपट्ट्याचा अर्ज मावशीनं लिहिला होता. त्याला कचेरीचं नाव येत नव्हतं, छत्री आठवत होती. मावशीनं त्यांना कॉलनीच्या समाजमंदिरात उतरवलं. कॉलनीतल्या बायका आळीपाळीनं भाकरी द्यायच्या.

प्रांतसाहेबांनी मुक्ततेचा दाखला दिला की उचल कायद्यानं बुडाली, मग यांना कुणी हात लावू शकत नाही. दाखला नाही मिळाला तर हे उचल घेऊन पळालेले लोक. मुकादमानं तसा अर्ज पोलिसांत देऊनही ठेवला होता. त्याची जीप रोज कचेरीच्या फाटकासमोर लागायची. आत बसून तो शेंगदाणे खायचा आणि मला 'काय साहेब' म्हणायचा.

तर मंगळवारपर्यंत अकरा माणसांचे अकरा जबाब हवे होते. बुधवारी आम्ही समाजमंदिरात वही घेऊन बसलो आणि कुणी काही बोलेना. विचारलं तर हो, नाही. मावशी सगळ्यांशी हळू बोलत होती, मध्येच मनगट दाबत होती. शेवटी झिपरू तिला समजावल्यासारखं म्हणाला, "मावशे, सगळ्यांचं येकच हाय. माती तुडवायची, वीट पाडायची. येकाचं लिवलं म्हंजे झालं."

खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटलं. निदान एक माणूस माझ्या बाजूचा निघाला. मावशीनं वही मिटली. तिचा चेहरा इतका दमलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

गुरुवारी तिनं भागीबाईला टेबलापाशीच आणलं. तिथेही तेच. म्हातारी स्टुलावर बसून स्वतःची बोटं मोडत राहिली. शेजारी गोरक्षचा नाश्त्याचा गाडा आहे. हिवाळ्यात तो मटार उसळ करतो, आणि शेंगांची गोणी गाड्याखाली असते. भागीबाईची नजर तिथे जाऊन जाऊन अडकत होती. मावशीच्या ते लक्षात आलं. ती गोरक्षला म्हणाली, दोन किलो शेंगा दे, फुकटात सोलून देते. गोरक्ष माझ्याकडे बघून हसला, पण दिल्या.

परातीत शेंगा पडल्या, भागीबाईचे हात चालू झाले, आणि दहा मिनिटांनी तोंड. रिकाम्या हातानं बोलायची तिला सवयच नव्हती. भट्टीवर हात थांबले की मुकादम विचारायचा, काय झालं. त्यामुळे हात थांबवून कुणी काही विचारलं की तिची वाचाच बसायची. माझ्यासारख्या पदवीधराच्या हे ध्यानात यायला मावशी लागली.

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी पौषात तिची आई पाड्यावर वारली. निरोप सकाळी आला. तिनं दोन दिवस मागितले. मुकादम म्हणाला, आधी आजचा हजार पाड. तिनं हजार पाडल्या, तोवर अंधार झाला आणि शेवटची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी परत हजार. मग ती गेलीच नाही. पण पहिल्या दिवशी, शेवटच्या ओल्या विटेवर तिनं पाचही बोटं उठवली. आईला काहीतरी पोचवायचं म्हणून. ती वीट वाळली, भाजली, ट्रकमध्ये गेली.

"नाशकातच कुठं भित्तीत असंल," भागीबाई शेंग फोडत म्हणाली. "वरतून पलास्टर मारलं असंल."

मी टाइप करायचं थांबलो होतो. मावशीनं नुसतं बोटानं लॅपटॉप दाखवला.

शुक्रवारी बाकीचे आले, उरलेल्या शेंगा घेऊन परातीभोवती बसले. माझी चौदा पोरं दुसऱ्या एका भरतीच्या फॉर्मसाठी आली, त्यांना मी मंगळवारनंतर या म्हटलं. बिनलग्नाचा जो गडी होता, त्याच्या खोपीतून हायवे दिसायचा. साडेदहाची लाल एस.टी. नाशिककडे जायची, ती तो रोज बघायचा. दोन वर्षांत ती सात वेळा आली नाही, ते सातही दिवस त्याला तोंडपाठ होते. लंकाबाईनं सांगितलं, की पोरगी भट्टीवरच झाली, तिनं डोंगर पाहिलेला नाही. आई डोंगराचं बोलते म्हणून ती विटांच्या थप्पीला डोंगर म्हणते. प्रत्येक जण स्वतःचं सांगताना आधी म्हणायचा, 'माझं काय विशेष नाय', आणि प्रत्येकाचे बोलता बोलता दोन दाणे परातीत, तर तीन तोंडात. गोरक्ष लांबून मोजत होता.

झिपरू शेवटपर्यंत 'सगळ्यांचं येकच' यावर बसला. रविवारी समाजमंदिरात दुपारी मी एकटाच टाइप केलेलं तपासत होतो, तेव्हा तो येऊन बसला आणि म्हणाला, सोंगाचं चालंल का कागदात?

त्यांच्या गावात चैत्रात बोहाडा होतो. देवांची लाकडी सोंगं डोक्याला बांधून नाचवतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. झिपरूच्या घराकडे एकच सोंग, घरात पुरुष तो एकटा. दोन वर्षं तो भट्टीवर होता. दोन वर्षं त्याचं सोंग यायची वेळ झाली की संबळ वाजायचं, रस्ता मोकळा ठेवायचे, कुणी यायचं नाही. मग पुढचं सोंग. दुसऱ्या कुणी ते उचलत नाही, तशी रीत नाही. हे त्याला कुणीतरी बाजारात सांगितलं. तो मला मजुरीचं, उचलीचं काहीच बोलला नाही. मोकळ्या ठेवलेल्या रस्त्याचंच तीन वेळा सांगितलं.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. मावशीनं वाचलं आणि डब्यातून मला खडीसाखर दिली. आमच्या धंद्यात याला दहापैकी आठ म्हणायला हरकत नाही.

*

मंगळवारी साहेबांनी सगळे वाचले. मध्ये एकदा थांबून लंकाबाईला विचारलं, हिनं डोंगर बघितला का आता? ती म्हणाली, कागद द्या, मग नेते.

शेठचा वकील अकरा करारपत्रं घेऊन आला होता. स्वखुशीने काम करतो, उचल मिळाली, तक्रार नाही, वगैरे. या वेळी माझ्या खांद्याच्या आधारानं जिना चढून आलेल्या मावशीनं ती बघायला मागितली. उभ्या उभ्या चाळली आणि परत साहेबांपुढे ठेवली. अकराही शब्दाशब्दानं सारखी. खाली सहीऐवजी अंगठे.

"साहेब, मागच्या आठवड्यात आमच्या पोरानं हीच चूक केली," ती म्हणाली. "तुम्ही त्याला परत पाठवलं होतं."

साहेबांनी पहिली तीन नीट वाचली, पुढची नुसती उलटली. वकिलानं घड्याळ बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, तर जीपमध्ये मुकादमाचे शेंगदाणे चालूच होते.

दहा दाखले मिळाले.

अकरावा झिपरूचा. त्याच्या फाईलमध्ये मी टाइप केलेला पहिला जबाब तसाच लावलेला होता. बाकीच्यांचे पहिले कागद साहेबांनी परत दिले होते, झिपरूच्या कागदाची एक प्रत मात्र वनपट्ट्याच्या जुन्या नंबरावर आवक नोंदून बसली होती. त्यात पत्नी सात महिन्यांची गरोदर. नव्यात पत्नी नऊ वर्षांपूर्वी मयत. वकिलानं दोन्ही शेजारी ठेवले, आणि हा माणूस काहीही सांगतो, असं म्हणाला. चूक माझी आहे, असं मी उभं राहून सांगितलं. साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. झिपरूचं प्रकरण पुढच्या चौकशीवर ठेवलं.

दहा जण त्याच संध्याकाळी पेठच्या गाडीत बसले. झिपरूही बसला. तो दाखल्याशिवाय गेला, म्हणून आठ दिवस मावशीला नीट झोप नव्हती. जीप पाड्यावर दोनदा जाऊन आली म्हणतात. त्याला घेऊन आली नाही. पाड्यावर आता दहा जण होते ज्यांच्या हातात कागद होता, आणि ते दहाही जण जीपसमोर येऊन उभे राहिले.

माझं म्हणणं मी लेखी दिलं. हातानं लिहिलं. त्यात आजोबा कांदा निवडायचे, हेही आलं. का आलं ते माहीत नाही, पण मावशीनं खोडलं नाही.

पुढची तारीख चैत्रात लागली, नेमकी बोहाड्याच्या दिवशी. झिपरूनं फोन करून सांगितलं, येत नाय. मी त्याला दहा मिनिटं समजावलं: दाखला मिळायचाय, जन्माचा प्रश्न आहे, बोहाडा पुढच्या वर्षी पण आहे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, दोन वर्षं रस्ता मोकळा ठेवला मान्सांनी. तारीख वाढवून मागायची तर कारण लागतं. मी मावशीला म्हटलं, ताप लिहू. सगळे ताप लिहितात. तिनं माझ्या हातातून वही घेतली आणि स्वतः चार ओळी लिहिल्या, मध्ये दोनदा थांबून: अर्जदारास आज गावी सोंग नाचवावयाचे आहे, ते दुसऱ्या कोणास नाचविता येत नाही, सबब हजर राहू शकत नाही.

कारकून हसला. शिक्का मारला. तारीख पुढे गेली. मग निवडणुकीच्या कामात साहेब अडकले, परत पुढे गेली. आता श्रावणातली आहे.

मावशी आता आठवड्यातून चारच दिवस येते. दुपारी छत्रीखाली डोळे मिटून बसते आणि माणूस आला की न उघडताच म्हणते, बोल. मी एक परात आणून ठेवली आहे. कुणाला शेंगा, कुणाला लसूण, कुणाला नुसतीच सुतळीची गुंडाळी देतो. माझी भरतीची पोरं त्यावर हसतात.

मध्ये गोरक्ष गमतीत मला म्हणाला, मटार फिटेपर्यंत रोज माझे कप विसळ. मावशीनं बशीतला चहा खाली ठेवला.

"गोरक्ष, हे गमतीत पण नको रे."

त्यानं तिच्या बशीत अर्धा कप अजून ओतला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पण मटार सोडले नाहीत. दोन किलो शेंगा त्यानं दिल्या होत्या, आणि परातीत परत मिळाले जेमतेम पाव किलो दाणे. झिपरूनं बोहाड्यानंतर पाड्यावरून पिशवीभर वाल पाठवले होते, ते गोरक्षनं घेतले, पण हिशेबात धरले नाहीत. वाल म्हणजे वाल, म्हणाला. आता मटारचा हंगाम संपलाय आणि पाकिटातले गोठवलेले त्याला चालत नाहीत. दिवाळीनंतर बघू, असं मी सांगितलंय. तेव्हा द्यायचे ते शेंगांसकट की सोललेले, यावर आमचं अजून ठरत नाही.